ग्लेनफिल्डचा बोगदा आणि आपला बोरघाट



लेस्टरला नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्याच महिन्यात एक तक्रार करतो, "इथे डोंगर कुठायत हो?" सह्याद्री बघत मोठं झालेल्याला इथल्या टेकड्या म्हणजे शेताचे बांधच! पण याच सपाट मुलखातल्या एका रेल्वेचं आपल्या बोरघाटाशी नातं आहे.

लेस्टर-स्वॅनिंग्टन रेल्वे १७ जुलै १८३२ ला सुरू झाली. इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन, वय वर्षं २८. हेतू सरळ होता, खाणींचा कोळसा गावात स्वस्तात आणायचा. वाटेत ग्लेनफिल्डला १,७९६ यार्डांचा बोगदा खणावा लागला. त्याचा कंत्राटदार कामाच्या विहिरीत पडून मेला. पहिल्या दिवशी 'कॉमेट' इंजिनाचं उंच धुराडं बोगद्याच्या छताला धडकलं आणि पाहुणे काजळीने माखले. मग म्हणे सगळ्यांनी ओढ्यावर तोंडं धुतली! बोगदा इतका अरुंद की डब्यांच्या खिडक्यांना गज लावले, कोणी डोकं बाहेर काढू नये म्हणून. स्वॅनिंग्टनच्या टोकाला सतरा फुटांत एक फूट असा चढ होता. तिथे इंजिनाचं काम नव्हे. वर एक स्थिर वाफेचं यंत्र बसवून दोराने वाघिणी ओढून घेत. ते यंत्र आज यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे, जरूर बघा.

आता नात्याकडे येतो. याच स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली त्याच्याच शिफारसीवरून जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनियर म्हणून १८५० मध्ये मुंबईत आला. पठाराचा मुलूख आणि बंदर यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. १८३० पासून बोरघाटात गाडीरस्ता होता खरा, पण कापसाच्या गाड्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. १८५६ ला रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली, १८५८ ला पुण्याहून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट मोकळाच. म्हणजे मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. पाच वर्षं हे असंच चाललं. (हीथ्रोला टर्मिनल बदलताना कुरकुरणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.)

बर्कलीने घाटात दोर वापरला नाही. सदतीस फुटांत एक फूट एवढाच चढ ठेवला, म्हणजे इंजिनालाच गाडी वर नेता येईल. पण चढ कमी म्हणजे वाट लांब. जवळजवळ १६ मैल, १,८३१ फूट चढण, २५ बोगदे. खंडाळ्याच्या अलीकडे तर वळायलाही जागा नव्हती, तेव्हा उलटं स्टेशन केलं. गाडी आत जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने पुढची चढण सुरू. ही कसरत १९२९ पर्यंत चालली.

इंजिनियरिंगचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्याची किंमत मोजली कोणी? १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर उठले. मारामारीत एक युरोपियन मेला. १८६० साली सरकारने मालक-मजूर तंट्यांचा कायदा केला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांत वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, दोन इंजिनियर हाताशी धरून काम तडीस नेलं. १८६१ मध्ये घाटात ४२,००० मजूर होते. कडेकपारीला दोरांवर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारे ते लोक पटकीने, तापाने, स्फोटांनी हजारोंनी गेले. खुद्द बर्कली आजारी पडून मायदेशी परतला आणि १८६२ ला वारला. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर फ्रिअरने घाट खुला केला, तो त्याला पाहायला मिळाला नाही.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवून झाल्यावर त्याच साहेबाने गोळी घातलेला, अशी लोककथा सांगतात. कागदोपत्री पुरावा काय, हा प्रश्न एकदा मी एसटीच्या ड्रायव्हरकाकांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही. गाडी हळू केली, खिशातून नाणं काढलं आणि खिडकीतून देवळाकडे टाकलं.