गोव्याचा गेंडा आणि दोन ठसे

इ. स. १५१४ मध्यें गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द अल्बुकर्क यानें दीव येथें किल्ला बांधण्याची परवानगी मागण्यासाठीं गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फर याजकडे वकील धाडले. परवानगी मिळाली नाहीं. मिळाला तो एक जिवंत गेंडा. अल्बुकर्कनें तो आपला राजा मानुएल याजकडे रवाना केला, आणि २० मे १५१५ रोजीं तें जनावर लिस्बन बंदरीं पोंचलें. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपांत कोणीं जिवंत गेंडा पाहिला नव्हता.

हें वर्तमान लिस्बनहून जर्मनींत गेलें. त्याच वर्षीं न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर यानें एका कच्च्या चित्रावरून व लेखी वर्णनावरून लांकडी ठशासाठीं गेंडा रेखाटला; आग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर यानेंहि तसाच ठसा काढिला. मूळ प्राणी पाहण्यास दोघांपैकीं कोणीहि लिस्बनला गेला नव्हता. मराठी माणसाला गेंड्याची कातडी निदान वाक्प्रचारापुरती तरी ठाऊक असते. या कलावंतांस तेवढीहि ओळख नव्हती.

ड्यूररचा गेंडा म्हणजे चिलखत चढविलेला योद्धाच. कातडीच्या घड्यांच्या जागीं जणूं पोलादी पत्रे, पायांवर खवले, आणि खांद्यांवर जास्तीचें एक पिळदार शिंग! बुर्कमायरच्या ठशांत हा दिमाख नाहीं. त्याचा गेंडा खऱ्या जनावराच्या अधिक जवळ आहे, आणि त्याचे पुढचे पाय बांधलेले आहेत.

तरीहि बाजी मारली ती ड्यूररनें. त्याचा ठसा पुनःपुन्हां छापला गेला व विद्वानांच्या प्राणिग्रंथांतहि शिरला. १७४१ मध्यें हॉलंडांत आणलेली क्लारा ही गेंड्याची मादी पुढें युरोपभर फिरली, तेव्हां कुठें त्या कल्पित रूपाचा पगडा ढिला होऊं लागला. उलट, बुर्कमायरच्या ठशाची एकच प्रत आज शिल्लक असून ती व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयांत आहे.

मूळ जनावराची कथा तर याहून करुण आहे. मानुएलनें तें पोप दहावा लिओ यास नजराणा म्हणून धाडलें. १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्यापाशीं जहाज फुटलें. गेंडा पोहूं शकतो; परंतु साखळदंडांनीं जखडलेला हा गेंडा बुडाला. जें बंधन बुर्कमायरनें दाखविलें, तेंच त्याच्या प्राणावर बेतलें. ड्यूररच्या चित्रांत तें नाहीं. आणि जगानें दोन शतकें खरा गेंडा म्हणून ओळखला तो ड्यूररचाच.