भर दिवसा उडालेले बल्ब

गेल्या वर्षी माझ्या गाडीचा डावा हेडलाइट तीनदा गेला. डावाच. उजवा सुरळीत चालू. पहिल्या वेळी "गेला असेल" म्हणून नवीन टाकला, दुसऱ्या वेळी चिडून टाकला आणि तिसऱ्या वेळी मात्र घाबरून टाकला. घाबरायचं कारण सांगतो, म्हणजे एका फुटकळ बल्बवर अख्खा शनिवार मी का घालवला हे कळेल.

ऑक्टोबरचा शेवट, संध्याकाळचे सहा वाजलेले. टोरांटोच्या पश्चिमेला शेतांमधून जाणारा दुपदरी रस्ता, मधे डिव्हायडर नाही. समोरून एका ट्रकमागून येणारा पिकअप अचानक माझ्या लेनमध्ये घुसला आणि सरळ माझ्या अंगावर यायला लागला. मी उजवीकडे खडीत उतरलो, तो हॉर्न वाजवत निघून गेला. दोन मिनिटं स्टिअरिंग धरून तसाच बसलो. त्याला भरपूर शिव्या घालून झाल्यावर खाली उतरून बघितलं, तर डावा दिवा बंद.

आता हे बघा. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, त्यामुळे गाडीचा डावा दिवा रस्त्याच्या मध्यरेषेकडे असतो. तोच विझलेला असला की समोरच्याला दिसतो फक्त कडेचा एक दिवा. म्हणजे कडेनं येणारी एक मोटारसायकल! तिच्या शेजारून आपण आरामात निघू, असा हिशोब त्यानं केला असणार. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तोच केला असता.

हे दिवे दिवसाही लागतात, कारण कॅनडात तसा नियम आहे. १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या किंवा आयात झालेल्या प्रत्येक नव्या गाडीला इंजिन चालू असताना पुढचे दिवे आपोआप लागायला हवेत. त्यांना डेटाइम रनिंग लाइट्स, थोडक्यात डी.आर.एल. म्हणतात. मी पुण्यात स्कूटर चालवून मोठा झालेला माणूस. तिथे भर दुपारी दिवा चालू राहिला तर चौकाचौकात लोक हाताची मूठ उघड-बंद करून खुणावायचे, आणि शेजारून जाणाऱ्या काकू हमखास ओरडायच्या, "अहो, लाइट चालू आहे!" त्यामुळे सूर्य डोक्यावर असताना मुद्दाम दिवे लावणारी ही कोण मंडळी, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होताच. बल्ब उडाल्याच्या निमित्तानं त्याच्या मागे लागलो.

सुरुवात फिनलंडपासून. १९७२ मध्ये त्यांनी गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसाही दिवे सक्तीचे केले. हेलसिंकीला डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो, आणि जो असतो तोही लांबलेल्या तिन्हीसांजेसारखा. सूर्य क्षितिजाच्या जरासा वर, सावल्या लांबलचक, आणि करडी गाडी करड्या रस्त्यावर विरघळून गेलेली. तिथे हा नियम कुणालाच वेडेपणाचा वाटायचं कारण नव्हतं. १९८२ मध्ये गावाबाहेर तो वर्षभरासाठी झाला आणि १९९७ मध्ये सगळीकडे.

स्वीडननं १९७७ मध्ये एकदम उडी मारली. सगळे रस्ते, सगळे ऋतू, सगळ्या गाड्या. (३ सप्टेंबर १९६७ ला एका पहाटे अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे आणणारा देश हाच. तेव्हा असल्या गोष्टींची त्यांना सवय असावी.) आणि इथेच माझ्या गोष्टीचा खरा धागा सुरू होतो. कायदा दिवे लावा म्हणाला, पण ते दिवसभर जळायचे कुणी? हेडलाइट रात्रीसाठी बनवलेला. तो दिवसाही जाळला तर बल्ब दुप्पट वेगानं संपणार, शिवाय पेट्रोल. व्होल्वोनं त्यावर एक सोपी युक्ती केली. पुढच्या पार्किंगच्या दिव्यांशेजारी २१ वॅटचा बल्ब बसवला, ब्रेकलाइटला वापरतात तसला. हेडलाइटच्या निम्म्याहून कमी वीज, आणि समोरच्याला दिसायला पुरेसा. फक्त एक गोम होती. ब्रेकचा बल्ब हा क्षणभर पेटायचा आणि विझायचा, त्या बेतानं केलेला. त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं केलं तर तो किती टिकणार?

इथे थोडं बल्बच्या पोटात शिरायला हवं.

बल्ब म्हणजे टंगस्टनची तापलेली तार. टंगस्टन वितळतं ३४२२ अंश सेल्सिअसला, आणि बल्बमध्ये ते त्याच्या हजारेक अंशच खाली असतं. तिथे तार हळूहळू चक्क वाफ होऊन उडत असते. कुठे तरी ती जरा बारीक होते, बारीक झालेली जागा जास्त तापते, जास्त तापली की अजून उडते. आपल्या गावाकडे रात्री शेतातले पंप बंद झाले की व्होल्टेज चढायचं आणि पटापट बल्ब उडायचे, आठवतंय? कारण व्होल्टेज आणि आयुष्य यांचं नातं सरळ नाही. आयुष्य साधारण व्होल्टेजच्या तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. तेराव्या! व्होल्टेज पाच टक्के वाढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं. साडेतेरा व्होल्टचं साडेचौदा झालं की अडीचपट कमी. उलट बाजूनं, व्होल्टेज थोडं उतरवलं की बल्ब म्हाताराच होत नाही.

जनरल मोटर्सनं नेमका याचाच फायदा घेतला. अमेरिकेत १९९३ मध्ये असे दिवे लावायला परवानगी मिळाली (सक्ती नाही, नुसती परवानगी), आणि १९९५ पासून त्यांनी गाड्यांमध्ये ते द्यायला सुरुवात केली. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत दोन्ही बाजूंचे हाय बीम एकापाठोपाठ, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असत, त्यामुळे प्रत्येकाला निम्मंच व्होल्टेज मिळे. प्रकाश उरतो दहावा हिस्सा, जो दिवसा चालून जातो. कागदावर आयुष्य हजारो पटींनी वाढतं. प्रत्यक्षात मधे खड्डे, धक्के, पाणी आणि गंज असतात, तो भाग वेगळा. शिवाय सिरीज म्हटली की गणपतीतली जुनी दिव्यांची माळ आलीच. एक गेला की सगळे गेले! पण मला यातला एक गुण आत्ता त्या खडीत उभं राहून कळला. दोन्ही एकदम विझले तर तुम्ही निदान खोटी मोटारसायकल होत नाही.

माझ्या गाडीत यातलं काहीच नाही. तिच्यात दिवसा सरळ लो बीमच पूर्ण व्होल्टेजवर जळतो. इथल्या कायद्यानं तेही चालतं. हा बल्ब हॅलोजनचा, ५५ वॅटचा. हॅलोजनचं पेटंट १९५९ चं, जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांचं. कल्पना फार सुंदर आहे. काचेच्या आत आयोडिन किंवा ब्रोमिन घालायचं, ते उडालेल्या टंगस्टनला पकडून तारेपाशी परत आणून सोडतं. म्हणून काच काळी पडत नाही आणि तार जास्त तापवता येते. मात्र त्यासाठी काच अडीचशे अंशांच्या आसपास तापलेली लागते, म्हणून ती लहान आणि क्वार्ट्झसारख्या टणक काचेची. अशा काचेला तेलकट बोट लागलं की त्या जागी ती खराब होते. हे मला माहीत होतं. तरी पहिला बल्ब मी समोसा खाल्लेल्या हातानं बसवला. असो.

तर शनिवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. सॉफ्टवेअरवाल्याची पहिली सवय म्हणजे दोषाचा आवाका आधी बांधायचा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६, चालू असताना १४.३. ठीक. आणि तसंही अल्टरनेटर बिघडला असता तर दोन्ही दिवे गेले असते, त्याला डाव्या-उजव्याचं काय! म्हणजे दोष डाव्या कोपऱ्यातच हवा. हे मला दुसऱ्याच बल्बाच्या वेळी कळायला हवं होतं. पण तेव्हा मी दुकानातून "जास्त पांढरा" म्हणून मिळणारा महागडा बल्ब आणला होता. त्या बल्बांच्या काचेवर निळा थर असतो, तो प्रकाश खातो, म्हणून तार आणखी तापवतात, म्हणजे आयुष्य आणखी कमी. पैसे जास्त देऊन मी दोष झाकला, शोधला नाही. ऑफिसातही आपण हेच करतो, पण तो विषय आज नको.

चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवलं आणि मागून हात घातला. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका बाजूला वितळलेलं. एक पिन सैल. बोटानं हलवली की दिवा लुकलुकतो. थंड तारेचा रोध गरम तारेच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून दिवा लावताना क्षणभर दहापट प्रवाह धावतो. एरवी दिवसाला चार-सहा वेळा हा दणका बसतो. सैल पिन असली की प्रत्येक खड्ड्यात. पण पिन सैल का झाली? दिव्याचा अख्खा डबा धरून हलवला, तर तो दात हलावा तसा हलला. त्याला धरणाऱ्या तीन खुंट्यांपैकी एक तुटलेली होती. आधीच्या मालकानं कुठे तरी हलकी ठोकर खाल्ली असणार. गाडीबरोबर डबा थरथरणार, तापलेली तार थरथरणार, पिन घासून सैल होणार, सैल पिन तापणार. बल्ब बिचारा शेवटचा बळी.

खुंटीच्या जागी पत्र्याची पट्टी बसवली. जुना होल्डर कापून वायरीसकट नवा जोडला, सांध्यांवर आवरण चढवलं. बल्ब साधा, स्वस्तातला, आणि हातमोजे घालून.

अस्तर परत लावताना डोक्यात दुसरंच चाललं होतं. हे सगळं करून उपयोग किती? आकडे बघितले तर भांडण आहे. स्वीडनच्या सरकारी अभ्यासात दिवसा एकाहून जास्त वाहनांचे अपघात सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाले असं आलं. १९९५ मध्ये थीवेस आणि रीमर्स्मा या डच संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून त्यावर शंका काढली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या २००८ च्या अभ्यासात एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नाही. सगळ्या गाड्यांना सक्ती करा हा जनरल मोटर्सचा २००१ चा अर्ज त्यांनी २००९ मध्ये फेटाळला. ऑस्ट्रियानं २००५ मध्ये दिवसाचे दिवे सक्तीचे केले आणि २००८ च्या १ जानेवारीपासून रद्दही केले. मोटारसायकलवाल्यांची तक्रार मला सगळ्यात पटते. आम्ही दिवा लावून उठून दिसायचो, आता सगळेच लावतात तर आम्ही गर्दीत हरवलो.

भारतात मात्र उलटं झालं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींनाच आपोआप लागणारा दिवा सक्तीचा झाला. त्या योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं ए, एच, ओ. म्हणजे 'अहो'! त्या काकूंचा शब्द थेट राजपत्रात गेला. :-)

आणि माझ्या पिकअपवाल्याला मी एक गोष्ट सांगितलीच नाही. त्या संध्याकाळी माझ्या गाडीचा मागचा भागही पूर्ण अंधारात होता. पुढचा दिवा जळतोय, डॅशबोर्ड उजळलेला, म्हणून मी समजलो की दिवे चालू आहेत. बटण बंदच होतं. १९८९ च्या नियमात मागच्या दिव्यांची सक्ती नव्हती, त्यामुळे इथे हा प्रकार इतका झाला की १ सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी नियम बदलला. एक तर मागचे दिवेही लागायला हवेत, नाही तर अंधार पडल्यावर सगळे दिवे आपोआप, नाही तर डॅशबोर्ड काळाच ठेवायचा, म्हणजे चालवणाऱ्याला कळेल. म्हणजे एकतीस वर्षं लागली. माझी गाडी त्याच्या आधीची.

युरोपात २०११ च्या फेब्रुवारीपासून नव्या मॉडेलांना दिवसाचे वेगळे दिवे सक्तीचे झाले, आणि ते बहुतेक एल.ई.डी.च आले. ऑडीनं २००४ मध्येच ए-८ मध्ये तसे दिले होते. त्यांत तार नाही, वाफ नाही, तेरावा घात नाही. सहसा जात नाहीत. पण गेला तर पुष्कळ गाड्यांत बल्ब बदलता येत नाही, अख्खा डबाच बदलावा लागतो. माझ्या मित्राला त्याची किंमत ऐकून दुकानातच बसावं लागलं.

डाव्या बल्बला आता आठ महिने झाले, छान चाललाय. उजवा परवा गेला. पण तो गाडी घेतली तेव्हाचा, दोन वर्षांपूर्वीचा. रोजचे दीड-एक तास धरले तर हजार तास भरले त्याचे. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.