गाडी कुठली ते नंतर बघू, आधी तळ कुठं पडणार ते सांगा

दिवाळीनंतर मोटरहोम भाड्यानं घेऊन जंगलातनं एक फेरी मारायची, असा बेत सध्या आमच्या मित्रमंडळात शिजतोय. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाटातनं खाली कोकणात, सावंतवाडीवरनं आंबोलीला वर आणि आजऱ्यावरनं घरी. गाडीत झोपायला बेड, शेगडी, फ्रीज, संडास सगळं. गेले पंधरा दिवस चर्चा एकाच गोष्टीवर चाललीय : गाडी कुठली घ्यायची, एसी आहे का, किती जण झोपतील. एका प्रश्नाचं उत्तर मात्र कुणाकडं नाही. रात्री गाडी लावायची कुठं?

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या पश्चिमेच्या डोंगरांचा साडेपाचशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. म्हणून ही मोठी पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी भूगोल. कोल्हापुरातनं कोकणात उतरायला आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथनं जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या वर जातो आणि आंबोलीत त्याहून जास्त. म्हणजे सकाळी रंकाळ्यावर ऊन बघून निघालेला माणूस दोन तासांत वेगळ्याच मुलखात पोचतो. इथं ज्यानं मुक्कामाचा विचार केला तो तरला. ज्यानं नुसती फौज मोठी आणली तो बुडाला.

सन १४५३. बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन मोठी फौज घेऊन या भागात उतरला. शिर्क्यांना त्यानं धरलं आणि धर्म बदलायची अट घातली. फिरिश्त्यानं ही हकीकत लिहून ठेवलीय. शिर्के म्हणाले, खेळण्याचा शंकरराव माझा वैरी आहे, आधी त्याला संपवा, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. पहिले दोन दिवस रस्ता चांगला रुंद होता. तिसऱ्या दिवशी फौज अशा रानात शिरली की पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. माणसं विखुरली, धड तळ टाकायलाही सपाट जागा मिळेना. खुद्द सरदार आजारी पडला. आणि रात्री खेळण्याची माणसं चालून आली. सरदारासकट हजारो माणसं त्या रानात मारली गेली.

आता बघा, त्या फौजेकडं घोडे होते, शस्त्रं होती, पैसा होता. नव्हती फक्त दोन गोष्टींची खात्री : रात्री थांबणार कुठं, आणि वाट दाखवणारा कुणाच्या बाजूचा.

पुढं सतराएक वर्षांनी महमूद गावान त्याच खेळण्यावर आला. तो मागची चूक विसरला नव्हता. या झाडीत घोडदळाचा उपयोग नाही हे ओळखून त्यानं रान तोडत, जाळत वाट केली आणि गडाला वेढा घातला. तरी गड पडेना. तेवढ्यात पाऊस जवळ आला. वजीर असूनही त्यानं हट्ट केला नाही. वेढा उठवला आणि फौज घाटाच्या वर आणून पावसाळाभर कोल्हापुरात छावणी केली. पाऊस सरल्यावर पुन्हा गेला आणि गड घेतला. जुलैत धबधब्याखाली गाडी लावून रील करणाऱ्यांनी गावानचा हा पावसाळा लक्षात ठेवावा.

आणि १६६०. पन्हाळा ते विशाळगड ही वाट आपल्याला पाठ आहे, म्हणून फार सांगत नाही. पण त्या रात्रीकडं प्रवासाचा बेत म्हणून एकदा बघा. आषाढातला पाऊस, अंधार, सिद्दी जौहरचा वेढा, म्हसाई पठारावरनं जाणारी आडवाट. मधे मुक्काम करायची सोयच नव्हती, म्हणून तो ठेवलाच नाही. एका दमात विशाळगड गाठायचा, आणि गाठेपर्यंत पाठलाग कुठं अडवता येईल ती खिंड हेरलेली. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंच्या पराक्रमाइतकीच मुलखाची ती माहितीही मोठी होती. आणि ती माहिती या डोंगरातल्याच माणसांची होती.

पण इतिहास म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत. या घाटांतनं सगळ्यात जास्त प्रवास केला तो लढणाऱ्यांनी नाही, तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यांनी. खरं मोटरहोम त्यांचं होतं, फक्त त्याला मोटर नव्हती.

लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढायचे. कोकणातनं मीठ वर यायचं, देशावरचं धान्य खाली जायचं. बायकापोरं, भांडीकुंडी, सगळं तांड्याबरोबर. रात्री पाण्याजवळ तळ, गोण्या रचून आडोसा, बैल मधे. मेंढपाळ धनगरांचं तेच. पावसाळ्यात कमी पावसाच्या पूर्वेकडच्या माळावर आणि पाऊस सरला की पुन्हा दुसऱ्या मुलखात. घोड्यावर संसार, त्याच ओझ्यावर बांधलेल्या कोंबड्या, झोळीत लेकरू, संध्याकाळी वाघर लावून कोकरं आत. हे आजही रस्त्यानं दिसतं. आपण हॉर्न वाजवून पुढं जातो, एवढंच.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेंढपाळ कुणाच्याही रानात फुकट बसत नाही आणि फुकट बसवूनही घेत नाही. शेतकरी त्याला बोलावतो, मेंढरं शेतात बसतात, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे ठरतात. म्हणजे पाहुण्यानं मुक्काम केला की जमीन आधीपेक्षा सुपीक होते. प्रवासाचा इतका सभ्य करार मला तरी दुसरा माहीत नाही.

आता याच्या उलट बाजू बघू. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत घाटात गाडीरस्ते आले. साहेब हिवाळ्यात फिरतीवर निघायचा. तंबू, खुर्च्या, पलंग, आंघोळीचं टब, आचारी, कचेरीची दफ्तरं, सगळं बरोबर. जंगलात चालतं घर म्हणायचं तर ते हेच. पण ते घर हलायचं कशावर? गावच्या बैलगाड्यांवर आणि गावच्या खांद्यांवर. साहेबाच्या तळाला लाकूडफाटा, गवत, दूध, अंडी गावानं पुरवायची. पालखी-मेण्यांच्या काळापासून हीच रीत होती, साहेबानं ती चालू ठेवली. ओझं वाहायला जे धरून न्यायचे ते बहुतेक महार, मांग आणि गावातली इतर गरीब माणसं. त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी विचारणारं कोण? याचंच नाव वेठबिगार.

आपल्या कोल्हापूरची गोष्ट इथं वेगळी होते. शाहू महाराज १८९४ ला गादीवर आले. शिकारीचे शौकीन, रानावनात हिंडणारे. खडखडा घेऊन बाहेर पडायचे आणि वाटेत भेटेल त्याचं गाऱ्हाणं ऐकायचे. म्हणजे तळ, शिकार, फिरती यातलं त्यांना सगळं आतनं माहीत होतं. याच राजानं १९१८ ला महार वतनं रद्द केली आणि त्या सुमारासच वेठबिगार बंद करणारे हुकूम काढले. आपल्या संस्थानात सरकारी माणूस कुणाला फुकट राबवणार नाही, ही ती भूमिका. आरक्षण आणि वसतिगृहं आपण आठवतो, ती आठवलीच पाहिजेत. पण राजाच्या सहलीचं ओझं रयतेच्या डोक्यावर नको, हाही त्याच विचाराचा भाग होता.

आमच्या बेतातला पहिला मुक्काम राधानगरीचा, तोही महाराजांनीच वसवलेल्या गावात. १९०२ ला ते युरोपला गेले, तिथली धरणं पाहिली. १९०८ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचं काम सुरू झालं आणि लेकीच्या नावानं राधानगरी वसली. पैशाअभावी काम रखडलं, पूर्ण व्हायला १९५० चं दशक उजाडलं. त्याच्या वरच्या अंगाला संस्थानचं शिकारीचं रान होतं. तिथंच १९५८ ला दाजीपूरचं गवा अभयारण्य जाहीर झालं. १९८५ ला हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं. २०१० ला चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशात घेतलं. महाराष्ट्रातल्या त्या चार जागांत कास, कोयना, चांदोली यांच्याबरोबर आपली राधानगरीही आहे.

अभिमान वाटलाच पाहिजे. पण या रानाची किंमत कुणी मोजली तेही आठवा. चांदोलीच्या जंगलातली गावं उठवली गेली. तिथली माणसं पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली. आणि जे गवळी धनगर अजून डोंगरात आहेत, त्यांच्या कित्येक वाड्यांना आजही धड रस्ता नाही. बाळंतीण अडली तर झोळी करायची, चार माणसांनी खांद्यावर घ्यायची आणि डांबरी रस्ता गाठायचा. अशा बातम्या दर पावसाळ्यात येतात. आपण हळहळतो आणि पुढची पोस्ट बघतो.

आता मोटरहोमकडं येऊ. २०२१ ला महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात दोन गोष्टी आहेत : एक गाडी, दुसरी कॅराव्हॅन पार्क. म्हणजे गाडी उभी करायला सुरक्षित जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था. कल्पना चांगली आहे. हॉटेल बांधायला डोंगर फोडण्यापेक्षा चार गाड्या उभ्या राहून निघून गेल्या तर नुकसान कमीच. पण ते कधी? पार्क नीट असेल तर. नाहीतर काय होतं ते आत्ताच दिसतंय. गाड्या सड्यावर लागतात. सडा म्हणजे रिकामं मैदान नव्हे. जांभ्या दगडावरच्या त्या बोटभर मातीत पावसाळ्यात फुलं येतात, बेडकं अंडी घालतात. एक जड गाडी दोनदा फिरली की चाकोरी वर्षानुवर्षं राहते. टाकीतलं सांडपाणी ओढ्यात सोडलं, तर तोच ओढा खाली कुणाच्या तरी घागरीत जातो.

माझं म्हणणं एवढंच. मुक्कामाचे दोन प्रकार आपल्या इतिहासात आहेत. एक मेंढपाळाचा : विचारून बसायचं, मोबदला ठरवायचा, जाताना जमीन सुपीक करून जायचं. दुसरा साहेबाचा : सोय आपली, भार गावाचा. मोटरहोम दोन्ही पद्धतीनं चालवता येतं. गाडी तीच असते.

म्हणून आमच्या मंडळात मी हा बेत मांडलाय, तुम्हीही वापरा. पाऊस पूर्ण सरल्यावरच निघायचं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि घाटात दरडी येतात. २०२१ च्या जुलैत आंबा घाटाचं काय झालं ते आठवा. घाट दिवसाउजेडी उतरायचा, खालच्या गिअरमध्ये, कारण या गाड्यांचं वजन वरच्या अंगाला जास्त असतं. देवगड-निपाणी रस्ता थेट राधानगरी-दाजीपूरच्या रानातनं जातो, तिथं अंधार पडल्यावर गाडी हाकायची नाही. रात्र गव्याची आहे. मुक्काम गावात, कुणाच्या तरी परड्यात किंवा खळ्यावर, आधी फोन करून, पैसे ठरवून. जेवण त्याच घरचं, नाचणीची भाकरी आणि पिठलं. शेगडी गाडीतच बंद राहू दे. सांडपाणी टाकीत साठवून सोय असेल त्या शहरातच रिकामं करायचं. आणि वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्यायचा, रोजगार देऊन. १४५३ ची चूक नको!

सरकारकडं मागणीही तेवढीच सरळ आहे. कॅराव्हॅन पार्क करा, पण चालवायला ग्रामपंचायतीकडं द्या, बाहेरच्या ठेकेदाराकडं नको. आणि ज्या डोंगरात आमच्या चालत्या बेडरूमसाठी रस्ता रुंद होणार आहे, त्याच डोंगरातल्या धनगरवाड्यापर्यंत आधी ॲम्ब्युलन्स जाईल एवढा रस्ता करा. आम्ही संडाससकट घर घेऊन घाट चढावा आणि शेजारच्या वाड्यातली बाई झोळीतनं खाली यावी, हे शाहूंच्या कोल्हापूरला शोभत नाही.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड, आजरा भागातल्या मंडळींनी आपल्या गावातल्या जुन्या तळांच्या, लमाणवाटांच्या आठवणी खाली जरूर लिहाव्यात. बेत पक्का करायच्या आधी आम्हाला त्याच वाचायच्या आहेत.