हेडलाइटची ‘काच’ खरं तर काच नसते! उडणाऱ्या खडीपासून ती कशी वाचवायची?

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं चुडावा हे पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं गाव. या पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा रात्रंदिवस चालते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. अशा वेळी आपल्या गाडीचा उजेड किती लांब पडतो, यावर जीव अवलंबून असतो. त्यामुळे हेडलाइटवरचा तडा किंवा धुरकटपणा म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

काच की प्लास्टिक?

जुन्या गाड्यांच्या हेडलाइटला खरी काच असायची. आताच्या बहुतेक गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ते हलकं असतं आणि सहजासहजी फुटत नाही, पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. म्हणून कंपनी त्यावर एक कडक, पारदर्शक थर देते. हा थर ओरखडे आणि उन्हातली अतिनील किरणं अडवतो. खडीच्या माऱ्याने तो झिजला की प्लास्टिक पिवळं आणि धुरकट व्हायला लागतं. तडा गेलाच, तर आत ओलावा शिरतो आणि एलईडी दिव्याचा पूर्ण संच बदलायची वेळ येऊ शकते.

खडा एवढ्या जोरात का लागतो?

पुढच्या गाडीच्या टायरच्या खाचांत अडकलेला खडा चाक फिरताना सुटतो आणि मागे उडतो. तुमची गाडी त्याच्याच दिशेने धावत असते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रस्त्यावर पडलेल्या खड्याला ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेगाने धडकलात, तर आघात सुमारे पावणेदोन पट होतो. नवीन डांबरीकरणानंतर बारीक खडी सुटी असते, तिथे हा धोका सर्वाधिक.

काय करावं?

1. अंतर ठेवा. पुढची गाडी एखादा खांब ओलांडून गेली की तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत किमान तीन सेकंद जायला हवेत. ताशी 60 किलोमीटर वेगाला हे अंतर साधारण 50 मीटर भरतं. खडी, मुरूम किंवा वाळूच्या टिपरमागे ते आणखी वाढवा.

2. पारदर्शक फिल्म लावा. टीपीयू प्रकारची जाडसर फिल्म लहान खड्यांचा मार सोसते आणि खराब झाली की बदलता येते. काळी किंवा रंगीत फिल्म मात्र नको, ती उजेडच कमी करते.

3. कोरड्या फडक्याने पुसू नका. काळ्या मातीचा चिखल वाळला की त्यातले कण घासकागदासारखे काम करतात. आधी भरपूर पाणी मारा, मग मऊ कापडाने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडू शकतात.

4. टूथपेस्टचा उपाय तात्पुरता आहे. त्याने चमक येते, पण उरलासुरला संरक्षक थरही घासला जातो. पॉलिश केल्यावर अतिनील किरणं अडवणारा थर पुन्हा द्यावाच लागतो.

5. मडफ्लॅप शाबूत ठेवा. तुमच्या गाडीचे मडफ्लॅप तुमच्या मागच्याचा हेडलाइट वाचवतात.

पुढे लोखंडी गार्ड बसवला तर?

चारचाकीला असा बुलबार बसवणं बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं होतं. असा गार्ड पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि धडकेत एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो.

विमा मिळतो का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मिळतो, पण प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप्रिसिएशन घेतलं असेल तर ही कपात टळते. मात्र दावा केला की नो क्लेम बोनसवर परिणाम होतो, म्हणून लहान खर्चासाठी आधी हिशेब करून पाहा.

तडा गेलाय की नाही हे कसं ओळखाल? पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर हेडलाइटच्या आत बघा. हलकं धुकं दिसलं आणि थोड्या वेळाने गेलं, तर बहुधा काळजी नाही. पाण्याचे थेंब साचून राहत असतील, तर रात्रीच्या प्रवासाला निघण्याआधी गॅरेज गाठा.