जात्याजवळची शाळा



घरांतलीं कामें मुलांना कोणीं आणि कशीं शिकविलीं, हा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. राजांच्या स्वाऱ्या बखरींत येतात. भाकरी शिकतांना प्रथमच भाजलेलीं मुलीचीं बोटें कोणत्याहि बखरींत येत नाहींत. तरीहि हा इतिहास अगदींच नाहींसा झालेला नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत तो शोधूं गेल्यास दोन जुने साक्षीदार आपणांस भेटतात.

पहिले नामदेव. हिंगोलीजवळ कयाधूच्या कांठीं नर्सी हें गांव आहे. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म येथें १२७० सालीं झाला. घर शिंप्याचें. मुलानें धंदा पाहावा ही वडील दामाशेटींची इच्छा, आणि मुलाचें मन विठ्ठलापाशीं, असें चरित्रकार सांगतात. धंदा सुटला; पण हत्यारें सुटलीं नाहींत. शिखांच्या ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांतहि मनाला नि जिभेला ते गज आणि कात्री यांचीच उपमा देतात. बाळपणीं हातानें शिकलेलें पुढें असें विचारांत उतरतें.

दुसरी साक्षीदार जनाबाई, शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडची. लहानपणींच ती दामाशेटींच्या घरीं दासी म्हणून आली. दळण, कांडण, सडासारवण हेंच तिचें शिक्षण. तिच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल जात्याशीं बसून दळूं लागतो. परंतु एक भेद विसरतां कामा नये. नामदेवांना नको तो धंदा टाकतां आला. जनाबाईला ‘तुला हें काम हवें का’ असें विचारणारें कोणी नव्हतें. घरकामाच्या शिक्षणाचें कौतुक करतांना ही बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल.

मग तें शिक्षण होत तरी कसें असे? पहांटे आजी जात्याच्या एका बाजूस, नात दुसऱ्या बाजूस, खुंट्यावर दोघींचेहि हात. घास केवढा घालावा, हें आजी तोंडानें सांगत नसे; जात्याचा आवाजच सांगे. घास जास्त झाला कीं पीठ भरड पडे आणि मुलीला आपली चूक तेथल्या तेथें कळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां ह्यांच्या प्रयत्नांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आईची माया आणि सासरचा जाच ह्यांच्या कथा त्यांत पुन्हा पुन्हा येतात. ज्यांना पाटी मिळाली नाहीं, त्यांनीं आपलें जीवन असें गाऊन ठेवलें.

हेंच हळदीचें. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. काढलेली ओली हळद शिजवून वाळवावी लागते. ती शिजली कीं नाहीं, हें काडी टोंचून पाहतात. सहज आंत गेली कीं झालें. किती सहज, हें मात्र पुस्तक सांगूं शकत नाहीं. तेथें जाणत्याच्या शेजारीं उभें राहावें लागतें.

१९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. वरचें शिक्षण उर्दूंतून आणि शाळा थोड्या. म्हणून बहुतेकांना घर हीच शाळा. त्याच काळांत इंग्रजी मुलखांत मात्र घरकाम छापील पानावर येऊं लागलें होतें. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं निघालें आणि हजार पाकक्रिया मुलींच्या हातीं आल्या. १९१६ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. तरी हें सारें मुलींपुरतेंच. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया मानला, तेव्हां मुलाच्या हातींहि चरखा आला.

पुढें पिठाची गिरणी आली आणि जातें थांबलें. त्याबद्दल रडण्याचें कारण नाहीं. कित्येक खांद्यांचा ठणका त्यानें थांबला. पण जात्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली: आजी आणि नात समोरासमोर बसत ती वेळ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. कारागिरांपाशीं जाऊन मुलांनीं कांहीं शिकावें, हा हेतु. हेतु उत्तमच, परंतु वर्षाचे उरलेले दिवस कोणाचे? ते घराचे.

जातें परत आणावयास नको. जनाबाईवर लादलेलें ओझें तर मुळींच नको. मात्र त्या जात्याला दोन बाजू होत्या, हें ध्यानांत ठेवावें. एका बाजूस जाणतें माणूस बसे. दुसरी बाजू शिकणाऱ्याची. आज आपल्या स्वयंपाकघरांत ती दुसरी बाजू रिकामी आहे. तेथें मुलीला बोलवावें, आणि तिच्या भावालाहि.