सिग्वा नावाच्या शंखाची बदनामी

क्यूबाच्या किनाऱ्यावर, लाटा आपटतात तिथल्या कातळाला चिकटून, एक जाडजूड शंख राहतो. मूठभर आकार, पांढऱ्या कवचावर काळ्या वेड्यावाकड्या पट्ट्या. १७५८ मध्ये लिनिअसने त्याला मॅग्पाय पक्ष्याचं लॅटिन नाव दिलं, ‘पिका’. आज तो शास्त्रात ‘सिटारियम पिका’ आहे. क्यूबातले लोक त्याला सिग्वा म्हणतात, उकडून त्याचं मांस खातात आणि रिकाम्या कवचात खेकडे बिऱ्हाड करतात. या शंखाच्या नावावर जगभरच्या वैद्यकाने एक आजार खपवला आहे: सिग्वाटेरा. तो होतो मासे खाऊन. त्यामुळे बिचाऱ्या शंखावर फुकटचा आळ आला, अशी हळहळ प्रत्येक लेखक व्यक्त करतो. मी मात्र इथे सरकारी वकिलाच्या बाजूने उभा आहे.

आधी आजार सांगतो. ताजा, देखणा, चवीला उत्तम मासा खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, सांधे ठणकतात, अंगाला खाज सुटते. शिवाय एक चमत्कारिक लक्षण असं, की गार पाण्यात हात घातला तर चटका बसल्यासारखं वाटतं. हे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने चालतं. माशाला वास नसतो, चव बदललेली नसते. शिजवून, तळून, बर्फात ठेवून विष जात नाही. आपल्याकडे शिळा बांगडा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ते प्रकरण निराळं. ते जिवाणूंनी केलेल्या हिस्टामिनचं काम असतं.

आता नावाकडे. १७८७ मध्ये हवानात अंतोनियो पारा नावाच्या मूळच्या पोर्तुगीज गृहस्थाने समुद्री जीवांवर एक सचित्र पुस्तक छापलं. त्यात त्याने या दुखण्याचं वर्णन केलं, तेही अनुभवाने, कारण कुबेरा नावाचा मोठा मासा खाऊन त्याच्या घरातली मंडळी आजारी पडली होती. त्याने शब्द लिहिला तो रोमन c ऐवजी s ने, ‘सिगुआतेरा’. पुढे १८६६ मध्ये क्यूबाचा थोर मत्स्यशास्त्रज्ञ फेलिपे पोएय याने या आजारावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि नाव पक्कं झालं.

व्युत्पत्ती अशी सांगतात: स्पॅनिश वसाहतवाले सिग्वा खाऊन आजारी पडत. ज्याला बाधली तो ‘सिग्वातो’. मग स्पॅनिशमध्ये आंधळेपणाला ‘सेगेरा’, बहिरेपणाला ‘सोर्देरा’ म्हणतात त्या चालीवर सिग्वातोच्या अवस्थेला झालं सिग्वातेरा. म्हणजे आधी रोग्याला नाव मिळालं, रोगाला नंतर. शंखावरून माणसाकडे आणि माणसावरून माशाकडे, असा हा प्रवास. लक्षणं सारखी दिसली म्हणून मासे खाऊन पडणाऱ्यालाही लोक सिग्वातोच म्हणू लागले, याबद्दल मला शंका नाही.

पण कुणी विचारेल, सिग्वा म्हणजे शंखच कशावरून? प्रश्न रास्त आहे. अँटिलीस बेटांवर सिग्वा नावाचं झाडही आहे, लॉरेलच्या कुळातलं. डॉमिनिकन रिपब्लिकचा राष्ट्रीय पक्षीही ‘सिग्वा पाल्मेरा’. पक्ष्याला सोडून देऊ. झाडाचा दावा मात्र दिसतो तितका पोकळ नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी नव्या जगाची हकिगत लिहिणाऱ्या पिएत्रो मार्तीरेने नोंदवलं आहे, की या बेटांवरची विषारी फळं पाण्यात पडतात, ती मासे खातात आणि मग मासे विषारी होतात. पाण्यात पडणारं फळ, विषारी मासा आणि ‘सिग्वा’ नावाचं झाड: मोह पडावा असंच जुळतं. तरी मी तो मोह आवरतो. विषारी फळाचा हा समज पुढे ज्या झाडाला चिकटला ते मांसानियो, ज्याच्या चिकाने कातडी भाजते ते. सिग्वा झाडाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि पोएयसारखा क्यूबात वाढलेला माणूस शंखाकडे बोट दाखवतो, तेव्हा लांबून शब्दकोश चाळणाऱ्यांनी थोडं नमतं घ्यावं.

नावाचं इतकं पुरे. विषाच्या शोधाचे टप्पे बऱ्याच जणांना ठाऊक आहेत, ते भराभर उरकतो. जुलै १७७४ मध्ये कॅप्टन कुकच्या ‘रेझोल्यूशन’वरचे अधिकारी आजच्या वानुआतूतल्या मालेकुला बेटापाशी दोन तांबडे मासे खाऊन आडवे झाले. आतडी खाल्लेलं एक डुक्करही मेलं. अशा बाधेचा दोष कुणी जहाजांच्या तळाच्या तांब्याला दिला, कुणी आणखी कशाला. माशी बसते का, चांदीचं नाणं काळं पडतं का, अशा परीक्षा बेटोबेटी चालत. त्या निरुपयोगी आहेत. मांजराला आधी तुकडा घालणं त्यातल्या त्यात कामाचं, मांजराच्या दृष्टीने सोडून. १९५८ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडलने तर्क मांडला, की मूळ दोषी तळाशी वाढणारं काहीतरी सूक्ष्म शेवाळ असावं. १९७७ मध्ये ताकेशी यासुमोतो आणि रेमों बान्यी यांच्या गटाला ते फ्रेंच पॉलिनेशियातल्या गांबिये बेटांवर सापडलं, म्हणून त्याचं नाव गांबियरडिस्कस. १९८९ मध्ये मुराता, यासुमोतो प्रभृतींनी विषाची रचना उलगडली. चार हजार किलो मोरे ईलमधून १२४ किलो आतडी काढली आणि तेवढ्यातून शुद्ध विष हाती लागलं ०.३५ मिलिग्रॅम. (पॉलिनेशियन लोक जुनी बेटं सोडून न्यूझीलंडसारख्या ठिकाणी गेले ते याच विषाला कंटाळून, असंही २००९ मध्ये तिघा शास्त्रज्ञांनी सुचवलं. मला हे ताणल्यासारखं वाटतं. माणसं घर सोडतात ती एका कारणाने नव्हे.)

गांबियरडिस्कस ही एक पेशी, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, बहिर्गोल भिंगासारखी. ती मोकळ्या पाण्यात फारशी तरंगत नाही. मेलेल्या प्रवाळावर जे केसाळ शेवाळ माजतं त्याला धरून राहते. म्हणून प्रवाळ मोडला, वादळाने असो वा धक्क्याच्या बांधकामाने, की तिला जागा मिळते. शेवाळ खरवडणारे मासे तिला पोटात घेतात, त्यांना गोबऱ्यासारखे, तांबोशीसारखे मोठे मासे खातात आणि विष वर वर साठत जातं.

आता ‘खरवडणारे’ या शब्दावर थांबा. सिग्वा काय करतो? रात्री बाहेर पडून कातळावरचं शेवाळ खरवडतो.

पण अशा शंखात हे विष साठतं याला पुरावा काय? माझं सारं घोडं इथे अडलं होतं, तेवढ्यात २०१८ चा एक शोधनिबंध समोर आला. २०१४ च्या जूनमध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपैकी नुकू हिवावर, अनाहोच्या उपसागरातले शंख खाऊन लोक आजारी पडले. लक्षणं सिग्वाटेराची. तपासणीत शंखांच्या मांसात सिग्वाटॉक्सिनच, म्हणजे सिग्वाटेराचं विषच निघालं. हा शंख म्हणजे ‘टेक्टस निलोटिकस’, ज्याच्या मोत्यासारख्या थरापासून शर्टाची उंची बटणं करत. नावात नाईल असली तरी तो नाईलमधला नाही. फ्रेंच पॉलिनेशियात तो मुद्दाम आणून सोडलेला, १९५७ मध्ये वानुआतूहून, म्हणजे कुकचे अधिकारी जिथे लोळले त्याच बेटसमूहातून. आपल्या अंदमान-निकोबारलाही तो आहे आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. निबंधाच्या शीर्षकात, कंसात, शंखाचं कुळ छापलेलं होतं: टेग्युलिडी. सिग्वाचं कुळही तेच. क्यूबात ज्याच्यावर आळ आला त्याचा चुलतभाऊ दोन शतकांनी प्रशांत महासागरात मुद्देमालासह सापडला!

बचाव पक्ष म्हणेल, कॅरिबियनमध्ये आजही लोक हा शंख आवडीने खातात, त्यांना काही होत नाही. पूर्वी झालं ते अजीर्ण असेल. असेलही. पण नुकू हिवावरचा शंखही आधी लोक निर्धास्त खातच होते. या विषाचा स्वभावच असा, की प्रवाळरांगेच्या या टोकाचा मासा बाधतो आणि त्या टोकाचा बाधत नाही, आज बाधतो आणि काही वर्षांनी नाही. एखाद्या वादळानंतर एखाद्या गावचा सिग्वा विषारी निघाला असेल, चार माणसं आडवी झाली असतील, आणि शब्द जन्माला आला असेल. माझा निकाल असा: ज्या लोकांनी नाव दिलं ते आंधळेपणाने बोलत नव्हते. त्यांनी शेवाळ खाणाऱ्यालाच धरलं होतं.

आपल्याकडे हे दूरचं वाटतं, पण तितकं दूर नाही. मंगळुरात तांबोशीच्या जातीच्या, ‘लुटजॅनस बोहार’ माशामुळे झालेल्या संशयित सिग्वाटेराची नोंद २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. कुकच्या जहाजावरचा तांबडा मासाही बहुधा हाच. या विषावर उतारा नाही. मॅनिटॉल शिरेतून देत असत, पण २००२ च्या चाचणीत ते साध्या सलाइनहून सरस ठरलं नाही. तेव्हा प्रवाळातली मोठी तांबोशी किंवा गोबरा घरी आला, तर डोकं, काळीज आणि गाबोळी खाण्याचा मोह टाळा. विष तिथेच जास्त साठतं. आणि खाऊन ओठांना मुंग्या आल्या, गार पाणी पोळू लागलं, तर डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला ते आधी सांगा.