पेरणाऱ्याचा दाखला आणि सोलापूरची तिफण

परवा शनिवारी संध्याकाळी सात रस्त्यावर चहाला थांबलो होतो. सोबत ओळखीचे एक पाळक. दुसऱ्या दिवशीच्या उपासनेचा संदेश त्यांना द्यायचा होता आणि वहीत एकच ओळ लिहिलेली होती : शेतकरी वाटेवर बी कशाला टाकेल?

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आहे. काही बी वाटेवर पडतं, पाखरं खातात. काही खडकाळ जागी पडतं, उगवतं आणि उन्हानं करपतं. काही काट्यांत गुदमरतं. जे चांगल्या जमिनीत पडतं ते तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतं.

आता हे आपल्याकडच्या माणसासमोर वाचा. इथं पेरणी तिफणीनं होते. चाड्यावर मूठ धरली की दाणा नळ्यातून थेट तासात जातो. बी वाटेवर सांडणाऱ्याला घरचे काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. म्हणजे गोष्ट सुरू होताच ऐकणाऱ्याला पेरणाराच गबाळा वाटतो. म्हणून पाळकाला आधी सांगावं लागतं, की गालीलात बी हातानं फोकून पेरायचे आणि शेतातूनच पायवाटा जायच्या. बाकीचं आपलंच आहे. खडकाळ जागा म्हणजे आपली मुरमाड, काटे म्हणजे कुंदा आणि हराळी. कुंद्यानं रान कसं खाल्लं हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळा अर्थ सांगायची गरजच नाही.

मला यात रस वाटला तो याच्या इतिहासामुळे. हे काम मराठीत दोनशे वर्षांहून जास्त काळ चाललंय. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचं मराठी शुभवर्तमान १८०५ साली निघालं. म्हणजे आपल्या भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक, आणि ते छापलं बंगालात! अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला गेले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात पोचले. सुरुवातीचे उपदेश परदेशी माणसाच्या मराठीत व्हायचे. ते लोकांच्या कानाला कसं लागत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

खरा फरक पडला तो इथलीच माणसं उपदेशाला उभी राहिल्यावर. १८५४ साली नगरला हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. इंग्रजी न येणाऱ्या गावच्या पाळकाला शनिवारी रात्री उघडायला स्वतःच्या भाषेत काहीतरी मिळालं. कृष्णराव सांगळ्यांनी तर थेट कीर्तनच उचललं. आपल्या कीर्तनकारानं पूर्वरंगात निरूपण करावं आणि उत्तररंगात आख्यान लावावं, तसंच हे. उतारा तोच, पण हाती टाळ-मृदंग. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगातून ख्रिस्त सांगितला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत.

याच काळात पंडिता रमाबाईंनी मात्र वेगळी वाट धरली. सोलापूर-पुणे गाडीनं जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं ना, तिथं मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. खुद्द संस्कृत पंडिता, पण भाषांतरातून संस्कृत शब्द त्यांनी वेचून काढले. खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे हा हट्ट. १९२२ मध्ये त्या गेल्या, छापील पुस्तक १९२४ चं. मला विचाराल तर टिळकांची भाषा जास्त गोड आहे, पण संदेश तयार करताना समोर ठेवावा तो रमाबाईंचा हट्ट. आज बहुतेक चर्चमध्ये त्यांचं भाषांतर वाचलं जात नाही, याची खंत वाटते.

आता परत चहाकडे. पाळकांचा दुसरा अडसर मला सुचलाच नसता. तो शेवटच्या आकड्यांचा. त्या काळी त्या देशात गहू-सातूला दहापट उतारा म्हणजे चांगलं वर्ष, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणून शंभरपट ऐकून तिथले लोक थक्क झाले असतील. पण आपल्याकडे रब्बी ज्वारीला एकरी चार किलो बी लागतं. चार क्विंटल झाली की शंभरपट आलंच की! मोहोळच्या मालदांडीनं हे बऱ्या वर्षी कितीदा दिलंय. उलट तीसपट म्हणजे एकरी सव्वा क्विंटल. आमच्याकडे त्याला पीक बुडालं म्हणतात. येशूनं आनंदानं सांगितलेला आकडा इथं दुष्काळाचा होतो.

ही अडचण फोनवरच्या तयार संदेशात सापडत नाही, आणि हल्ली तेच जास्त चालतं. इंग्रजीत तीन मुद्दे, तिन्ही एकाच अक्षरानं सुरू होणारे. मराठीत आणले की अनुप्रास जातो आणि बऱ्याचदा मुद्देही जातात. पाळकांचा दोष मी फार धरत नाही. तीन-तीन गावांच्या मंडळ्या, आठवड्यात एखादी मयत, एखादं लग्न, मग वेळ कुठून आणायचा? पण उतारा आणि समोरची माणसं यांच्यात रात्रभर येरझारा घालायचं काम शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी कंदिलाच्या उजेडात केलं. ते सोडलं तर ख्रिस्ती मराठीचं पुढं काय होणार, हा प्रश्न फक्त चर्चपुरता नाही. सोलापुरात आधीच घरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि शाळेत इंग्रजी. मराठीत तासभर नीट ऐकायला मिळावं अशा जागा तरी किती उरल्यात?

पाळकांनी शेवटी आकड्यांचं काय केलं, ते सोमवारी फोन करून विचारलं. म्हणाले, "मंडळीलाच विचारलं. एका आजींनी सांगितलं, दुष्काळात तीसपट आलं तरी घरी भाकरी होती, तेवढं सांगा." त्यांनी तेवढंच सांगितलं.